माझ्या अंगातलं लोह, दादावरचा आळ

सहा वर्षं मी लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. थकवा वाटला की कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचं, ‘ताकदीच्या लाल गोळ्या द्या’ म्हणायचं आणि रोज जेवणानंतर एक गिळायची. कुणी तपासायला सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. बाईमाणूस थकलं म्हणजे रक्त कमी, असंच सगळे धरून चालतात. माझ्या अंगात मात्र लोह कमी नव्हतं, जास्त होतं. इतकं जास्त, की लिव्हर, हृदय, स्वादुपिंड, बोटांचे सांधे, कातडी, जिथं जागा मिळेल तिथं ते साचत चाललं होतं. हे कळलं तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते.

माझं शिक्षण बारावी. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. डॉक्टरी भाषा मला येत नाही आणि आता ती शिकायची ताकदही नाही. माझ्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की या आजाराची माणसं आपल्याकडं फार सापडत नाहीत आणि सापडतात ती उशिरा; तुम्ही जे झालं ते लिहून ठेवा. म्हणून लिहिते. यात माझ्यापेक्षा माझ्या भावाचं जास्त येईल. ते तसंच यायला हवं.

हात

सुरुवात हातांपासून झाली. दोन्ही हातांचं अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, यांच्या मुळाशी सकाळी असं दुखायचं की कात्री धरवेना. कापड कापायचं म्हणजे माझ्या धंद्याचा जीव. शिलाई कुणीही करतं, गिऱ्हाईक येतं ते कटिंगसाठी. मी कात्री टेबलावर ठेवायची, हात गरम पाण्यात बुडवायचे, पुन्हा उचलायची. हाडांच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याआधी दोन वर्षं शुगर निघाली होती, तिच्या गोळ्या चालूच होत्या. लोहाची गोळी वेगळी.

रंगही बदलत गेला. मूळची मी गहूवर्णी. हळूहळू चेहरा आणि हात धुरकट दिसायला लागले, पाटीवरून ओला हात फिरवून ती वाळावी तसे. गिऱ्हाईकं म्हणायची, ‘सुनंदाताई, उन्हात लई फिरता वाटतं.’ मी दिवसभर दुकानात ट्यूबलाइटखाली बसलेली. उन्हाशी माझा काय संबंध?

पण सगळ्यात वाईट होता तो थकवा. झोपून उठलं तरी जात नसे. दुपारी दोनला कपाळ मशीनच्या डोक्यावर टेकवून बसायचे. घरी गेलं की कणीक मळायला हात उचलत नसत. पल्लवी, माझी मुलगी, तेव्हा कॉलेजला होती. ती पोळ्या करायची आणि काही बोलायची नाही, तेच टोचायचं. यांची वाळूजच्या कंपनीत शिफ्ट. वाईट माणूस नाही. पण एकदा बूट काढता काढता म्हणाले, “अगं, तुझं रोज काहीतरी असतंच.” मला राग आला नाही. मलाही तसंच वाटत होतं. मी आळशी झालेय, कामाची राहिले नाही, असं मी स्वतःला रोज सांगत होते.

तो प्रश्न

लग्नसराईत एक दिवस दुकानातच छातीत फडफड सुरू झाली. ठोके एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे. शेजारच्या बांगडीवाल्यांनी रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. हृदयाची पट्टी काढली, पोटाची सोनोग्राफी झाली. संध्याकाळी एक तरुण डॉक्टरीण खाटेपाशी आली. कागद बघत तिनं विचारलं, “ताई, ड्रिंक्स घेता का?”

मला आधी कळलंच नाही. मग म्हणाले, “नाही हो.”

“कधीतरी? थोडी?”

“कधीच नाही.”

“लिव्हर सुजलंय म्हणून विचारलं,” ती म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. फार नाही, दोन क्षण. विश्वास नसलेलं, पण वाद घालायचा नाही असं ठरवलेलं ते बघणं मला ओळखीचं होतं. नऊ वर्षांपूर्वी मी माझ्या दादाकडं तसंच बघितलं होतं.

आम्ही दोनच भावंडं. भास्करदादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. माहेर वैजापूर तालुक्यात. थोडी शेती, आणि दादा मार्केट यार्डात कांद्याचं वजन करायला जायचा. त्याला कावीळ झाली, पोटात पाणी झालं तेव्हा तिथल्या एका डॉक्टरनं आमच्या वडिलांसमोरच विचारलं, “दारू कधीपासून?” दादा म्हणाला, मी पीत नाही. डॉक्टर हसला. कागदावर त्यानं दारूनं खराब झालेलं लिव्हर असं लिहिलं. ते एकदा लिहिलं गेलं आणि पुढं कुणालाच दादाला काही विचारायची गरज उरली नाही.

यार्डात पिणारे होतेच, त्यांच्यात तोही धरला गेला. अण्णा, म्हणजे आमचे वडील, कडक माणूस. निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली तेव्हा दहा वर्षांचे होते. त्या दिवसांतली पळापळ बघितलेली, कष्टानं जमीन राखलेली. त्यांनी दादाशी बोलणं सोडलं. एका घरात राहून नऊ वर्षं बाप लेकाशी बोलला नाही. काही सांगायचं असलं तर वहिनीला सांगायचे, दादा समोर बसलेला असला तरी. वहिनीनं पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घ्यायला लावल्या. दादानं घेतल्या, तर लोक म्हणाले, बघा, खोटी शपथ घ्यायलासुद्धा भीत नाही.

आणि मी काय केलं तेही सांगते. एका दिवाळीत दादा माझ्याकडं भाऊबीजेला आला होता. तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याची पिशवी तपासली. कपड्यांत गुंडाळलेली एक बाटली निघाली. झाकण काढून हुंगली. कुठल्याशा वैद्याचा कडू काढा होता तो, लिव्हरसाठी. झाकण लावताना मान वर केली तर दादा दारात उभा. ओले केस, खांद्यावर टॉवेल.  ओवाळून घेतलं, जेवण न करता निघून गेला. बस आहे म्हणाला. त्यानंतर माझ्याकडं आला नाही.

दार लागत नाही

दवाखान्यातून मला पोटाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी रक्तातलं लोह तपासायला लावलं. रिपोर्ट आला तो बघून पुन्हा तपासायला लावलं, मशीन चुकलं असेल म्हणून. मशीन चुकलं नव्हतं.

डॉक्टर वयस्क, सावकाश बोलणारे. म्हणाले, “जेवणातलं लोह शरीर गरजेपुरतं आत घेतं आणि दार लावून टाकतं. तुमचं ते दार जन्मापासून लागतच नाही. आलेलं बाहेर टाकायला शरीराला रस्ता नसतो. मग ते आधी लिव्हरमध्ये साठतं. तिथं मावेना झालं की हृदयात जातं, म्हणून ठोके चुकतात. स्वादुपिंडात जातं, म्हणून शुगर. सांध्यांत जातं, कातडीत जातं. तुमचे पाच डॉक्टर पाच आजार बघत होते. आजार एकच आहे.”

मी विचारलं, “मग इतकी वर्षं मला काही कसं झालं नाही?”

“बायकांना पाळीमुळे थोडं थोडं जात राहतं. सोनोग्राफीत तुमची गर्भपिशवी दिसत नाही, कधी काढली?”

“पस्तिसाव्या वर्षी.”

“तेव्हापासून तोही रस्ता बंद झाला. वर तुम्ही गोळ्या खाल्ल्या.” मग माझा चेहरा बघून म्हणाले, “नुसत्या गोळ्यांनी हे होत नाही. स्वतःला दोष देऊ नका.”

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला रडू आलं नाही. हलकं वाटलं. मी आळशी नव्हते. या थकव्याला कारण होतं.

पण पुढचा प्रश्न आला. “भावंडं किती?”

“एक भाऊ.”

“त्यांना काही त्रास?”

मी सांगायला लागले. शुगर आहे. बोटं दुखतात, कांद्याची गोणी धरवत नाही म्हणायचा. काळा पडलाय. लिव्हर खराब आहे. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“पितात?”

“तो नाही म्हणतो.”

“मग तसंच असेल,” डॉक्टर म्हणाले. “त्यांना घेऊन या.”

इतकं सोपं होतं ते. नऊ वर्षांत आम्हां कुणाला जमलं नाही.

खुर्ची

यावर औषध म्हणजे रक्त काढणं. रक्तातून लोह जातं, नवीन रक्त तयार करायला शरीर साठ्यातलं लोह वापरतं, असं करत करत साठा रिकामा करायचा. माझा दर मंगळवार त्यात जायला लागला. निळ्या रेक्झिनची खुर्ची, जाड सुई, खाली हळूहळू हलणारी पिशवी. पंधरा-वीस मिनिटं. मग चहा आणि दोन बिस्किटं. चहाबद्दल एक चांगली गोष्ट कळली. जेवणासोबत चहा घेतला तर लोह कमी शोषलं जातं, तेव्हा खुशाल घ्या, असं डॉक्टर म्हणाले. जन्मभर जेवताना चहा पिते म्हणून सासूबाईंची बोलणी खाल्ली होती. इतक्या पथ्यांत तेवढा एक चहा माझ्या बाजूनं उभा राहिला.

रक्त काढल्यावर दोन दिवस मी कामाची नसायचे. आधीच थकलेली, त्यात हे. शेजारपाजारचे डाळिंबं घेऊन यायचे, बीट किसून आणायचे, खजूर खा, पालक खा, लोखंडी कढईत भाजी कर. सगळं प्रेमानं. किती जणांना समजावणार? शेवटी मी ‘बरं’ म्हणायचे आणि डाळिंबं पल्लवीला द्यायचे.

एका मंगळवारी शेजारच्या खाटेवर एक दहा-अकरा वर्षांची मुलगी होती, तिला रक्त चढत होतं. तिची आई सिल्लोडची, नाव शबाना. मी तिला आपा म्हणायला लागले. मुलीला जन्मापासून थॅलेसेमिया, दर तीन आठवड्यांनी रक्त लागायचं. माझी भरलेली पिशवी सिस्टर घेऊन गेली तेव्हा आपानं विचारलं, “कुणाला देनार ते?”

“कुणाला नाही. आजाऱ्याचं रक्त आहे, फेकून देतात.”

“या अल्ला,” ती म्हणाली. “आमाला एक पिशवी भेटायला किती फोन करावं लागतंय, आन् हितं फेकतेत.”

 मग तिनं सांगितलं, की सारखं रक्त चढवून मुलीच्या अंगातही लोह साठलंय, ते काढायला रोज औषध द्यावं लागतं.

“म्हणजे तिला बाहेरून येतं, मला आतून,” मी म्हणाले.

“मग बीमारी एकच की आपली!” आपा हसली. मुलगीही हसली. कितीतरी महिन्यांनी मी हसले असेन. पुढं कधी आमचे मंगळवार जुळले तर ती माझ्यासाठी मुद्दाम थर्मासमध्ये चहा आणायची.

वैजापूर

दादाला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. बसनं गेले. बसस्टँडपासून घरापर्यंत दोनदा थांबून बसावं लागलं.

दादा मागच्या खोलीत होता. हातपाय काटकुळे झालेले, पोट तेवढं पुढं आलेलं. त्याचं ताट, तांब्या, गादी सगळं त्या खोलीत. मी शेजारी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. हा आजार आहे, आपल्या दोघांचा आहे, तू पीत नव्हतास हे मला आता कळलं.

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. मग म्हणाला, “आता काय उपेग, नंदे? नऊ वर्षं झाली. खरं काय आन् खोटं काय, कुणाला पडलंय?”

“मला पडलंय. चल, रक्त तपासू.”

“माझ्यात त्राण नाय. जाऊ दे.”

“दादा, मी तुझी पिशवी तपासली होती.”

“माहिती हाय. बाटली हुंगत व्हतीस.”

“चुकलं माझं.”

“तुझं काय चुकलं?” तो म्हणाला. “डॉक्टरनं लिवलं व्हतं ना. लिवलेलं खरंच वाटतं माणसाला.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

वहिनी दाराआड उभी राहून ऐकत होती. आत आली तेव्हा तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. “म्हंजे हे खरं बोलत व्हते?” तिनं मला विचारलं. “मी पोरांच्या डोक्यावर हात ठिवायला लावला. आन् हे खरं बोलत व्हते?” मी मान डोलावली.  तिनं हात धुतले, खुंटीवरचा सदरा काढला आणि दादाच्या मांडीवर ठेवला. “उठा. कपडे घाला.”

तो उठला. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी उठला.

कागद

दादाचा रिपोर्ट माझ्याहून वाईट होता. पुरुषाला पाळीची सूट नसते, त्याच्या अंगात पहिल्यापासून साठत गेलेलं. डॉक्टरांनी लपवलं नाही. लिव्हर कडक झालंय, ते आता मऊ होणार नाही. पण लोह काढत राहिलो तर हृदय वाचेल, अंगात थोडी ताकद येईल, काही वर्षं मिळतील. त्याची तब्येत नाजूक म्हणून माझ्याहून निम्मंच रक्त काढायचं ठरलं.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “साहेब, एक काम कराल? मराठीत एका कागदावर लिहून द्या, की हे दारूनं झालेलं नाय.”

डॉक्टरांनी त्यांच्या नावाच्या कागदावर लिहिलं. हा आजार आनुवंशिक आहे, तो दारूमुळे झालेला नाही. खाली सही केली, शिक्का मारला. दादानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवला, पुन्हा काढला, घडी मोडू नये म्हणून माझ्या फाइलीत ठेवायला दिला.

त्या आठवड्यात मी दादा-वहिनीबरोबर गावी गेले. अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. दादा उंबऱ्याच्या आत उभा होता.

“परत वाच,” अण्णा म्हणाले.

मी परत वाचलं.

“परत.”

तिसऱ्यांदा वाचून झालं तेव्हा अण्णांनी काठी घेतली आणि ते मळ्याकडं चालू लागले. जेवायला आले नाहीत. मला वाटलं होतं काहीतरी बोलतील, लेकाच्या डोक्यावरून हात फिरवतील. तसं काही झालं नाही. दादा आत जाऊन त्याच्या गादीवर पडला. वहिनीनं दोघांची ताटं झाकून ठेवली.

पुढचं सगळं इथंच सांगून टाकते. दीड वर्षात माझा साठा रिकामा झाला. आता तीन महिन्यांनी एकदा खुर्चीत बसते. ठोके ताळ्यावर आहेत, रंग बराच निवळला. शुगर गेली नाही, बोटंही पूर्ण बरी झाली नाहीत. कटिंगला आता एक बाई ठेवलीय. थकवा येतो, पण आता घरात त्यावर कुणी काही बोलत नाही आणि मीही स्वतःला काही बोलत नाही. पल्लवीत आणि दादाच्या पोरांत आजार निघाला नाही, तरी अधूनमधून तपासत राहा असं सांगितलंय. दादा चार वर्षं जगला. शेवटची दोन वर्षं तो सकाळी मळ्यात चक्कर मारून यायचा. गेला तो लिव्हरनंच. उपचार नऊ वर्षं आधी सुरू झाले असते तर या चार वर्षांची किती झाली असती, याचा हिशेब मी करत नाही. केला की झोप लागत नाही.

हे वाचणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगायच्यात. लोहाची गोळी रक्त तपासल्याशिवाय घेऊ नका. आणि घरातलं आजारी माणूस आपल्याबद्दल काही सांगत असेल तर आधी ते ऐकून घ्या, कागद नंतर बघा.

एक मंगळवार सांगायचा राहिला.

कागद वाचला त्याच्या पुढच्या आठवड्यात दादाचं रक्त पहिल्यांदा काढायचं होतं. मी दवाखान्याच्या दारात वाट बघत होते. रिक्षातून वहिनी उतरली, दादा उतरला आणि त्यांच्यामागून काठी टेकत अण्णा उतरले. धुतलेलं धोतर, टोपी. मला म्हणाले, “डॉक्टर कुठं हाय?”

डॉक्टरांसमोर त्यांनी बाही वर केली. “माझंबी रक्त तपासा. पोराला ह्ये माझ्याकडूनच गेलं असंल.”

डॉक्टर म्हणाले, “आजोबा, हे आई-वडील दोघांकडून यावं लागतं. एकट्या तुमच्याकडून नाही. आणि या वयात तपासून काय करायचं?”

“तरी तपासा.”

डॉक्टरांनी सिस्टरला एक लहान बाटलीभर रक्त घ्यायला सांगितलं. अण्णांनी हात हलवला नाही. मग हाताला कापूस दाबून ते आत गेले, जिथं दादा खुर्चीत बसला होता. पिशवी भरत होती. सिस्टरनं स्टूल दिलं. अण्णा बसले. दादानं डोळे मिटून घेतले होते, सुई बघवत नव्हती म्हणून, की बाप शेजारी बसला म्हणून, कोण जाणे.

मी आणि वहिनी दारात उभ्या होतो.  सिस्टर पिशवी बघून गेली.

मग अण्णा पुढं वाकले. “दुखतंय का रं?”

दादानं डोळे उघडले.

“नाय, अण्णा,” तो म्हणाला.